जीटी ७३० चा ड्रायव्हर आणि अडकलेलं एपीटी

नाशिकरोडहून एकांनी विचारलंय, थोडक्यात असं: "तिसऱ्या पिढीचा आय-थ्री असलेला जुना डेस्कटॉप आहे, त्यात एनव्हीडियाचं जीटी ७३० कार्ड. उबुंटू २४.०४ टाकलं. कंपनीच्या साइटवरून ४७० चा ड्रायव्हर उतरवून हाताने बसवला. महिनाभर मस्त चाललं. मग अपडेट मारला आणि काळी स्क्रीन. जुन्या कर्नलवरून बूट होतं, पण आता एपीटीने साधं व्हीएलसी टाकायला गेलं तरी एररच येतो. फॉरमॅट न मारता सुटेल का? आणि ड्रायव्हर पुन्हा टाकायचा तर कसा?"

सुटेल. फॉरमॅट मारू नका. पण तुम्ही दोन प्रश्न एकात विचारलेत, आणि ज्या क्रमाने विचारलेत त्याच क्रमाने सोडवायला हवेत. आधी एपीटी, म्हणजे सॉफ्टवेअर बसवणारी-काढणारी व्यवस्था, मग ड्रायव्हर. ड्रायव्हर नसेल तर स्क्रीन जरा गरीब दिसते, एवढंच. एपीटी अडकलं की सुरक्षेचे अपडेटही थांबतात, आणि असं यंत्र महिनोन् महिने तसंच वापरणारे लोक मी पाहिलेत. सातपूर-अंबडच्या लहान वर्कशॉपमधल्या जुन्या संगणकांची देखभाल हे गेली बरीच वर्षं माझं काम आहे, तेव्हा पुढचं जे सांगतोय ते तिथल्या अनुभवातून. फोनवरून लिहितोय, त्यामुळे कमांड आपण बोलतो तशाच देवनागरीत लिहिल्यात. टर्मिनलमध्ये अर्थातच रोमन, छोट्या अक्षरांत.

आधी तुमच्याकडे नेमकं काय बिघडलं ते बघू. डेबियन, उबुंटू, मिंट या सगळ्या लिनक्सांच्या पोटात डीपीकेजी नावाची एक वही असते. कोणती फाइल कोणत्या पॅकेजची, ती कुठे ठेवली, कोणतं पॅकेज पूर्ण बसलं आणि कोणतं अर्धवट राहिलं, हे सगळं त्यात. एपीटी हा त्या वहीवर काम करणारा मुनीम. तुम्ही साइटवरून उतरवलेली ती रन फाइल चालवली तेव्हा तिने सगळा माल थेट गोदामात नेऊन ठेवला. वहीत एका ओळीची नोंद नाही. जोवर त्या रॅकला दुसरं कोणी हात लावत नाही, तोवर काही कळत नाही. म्हणून महिनाभर मस्त चाललं.

हे मी स्वतः तोंडावर आपटून शिकलोय. अंबडच्या एका वर्कशॉपमध्ये ड्रॉइंग बघायच्या मशीनवर जीफोर्स २१० होतं आणि उबुंटू १८.०४. मी ३४० चा ड्रायव्हर रन फाइलने टाकला आणि चहा पिऊन निघालो. काही आठवड्यांनी फोन: ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर उघडतच नाही. बाकी स्क्रीन ठीक, फायरफॉक्स ठीक, फक्त थ्रीडीचं काही उघडलं की जीएलएक्सचा एरर. मशीनवर जॉब लावलेला, मालक शेजारी उभे, आणि मी लिब-जीएल नावाच्या, थ्रीडीला लागणाऱ्या फाइलकडे बघत बसलेलो. डीपीकेजीला विचारलं, ही फाइल कोणाची? त्याने सांगितलं, लिब-जीएल-वन या पॅकेजची. खरंच होतं ते. आधी तिथे त्या पॅकेजची फाइल होती, माझ्या इन्स्टॉलरने ती बाजूला सारून एनव्हीडियाची ठेवली, आणि मधल्या काळात त्या पॅकेजचा अपडेट आला तेव्हा एपीटीने प्रामाणिकपणे आपली फाइल पुन्हा जागेवर ठेवली. वहीप्रमाणे ती त्याचीच जागा होती. चूक एपीटीची नव्हती, माझी होती.

नंतरच्या ड्रायव्हरांत हा प्रकार बराच कमी झाला, कारण मध्ये लिब-जीएलव्हीएनडी नावाचा एक वाटाड्या आला. तो एकाच जागी बसतो आणि कोणत्या प्रोग्रामला मेसा या मोफत ग्राफिक्स लायब्ररीकडे पाठवायचं, कोणाला एनव्हीडियाकडे, ते ठरवतो. ३९० आणि ४७० त्याच्याशी जुळवून घेतात, ३४० ला तो माहीतच नाही. म्हणजे तुमच्या ४७० मध्ये ही भांडणाची जागा फारशी नाही. तुमचं भांडण वेगळ्या ठिकाणी झालंय.

ते असं. रन फाइल चालताना तिने एक प्रश्न विचारला होता: कर्नल मॉड्यूलची डीकेएमएसमध्ये नोंद करू का? (कर्नल म्हणजे सिस्टिमचा गाभा, मॉड्यूल म्हणजे त्यात बसणारा ड्रायव्हरचा तुकडा.) बहुतेक सगळे 'हो' म्हणतात, तुम्हीही म्हटला असाल. डीकेएमएसचं काम एवढंच: नवं कर्नल आलं की ड्रायव्हरचा सोर्स घेऊन त्या कर्नलसाठी मॉड्यूल पुन्हा बांधायचं. कल्पना उत्तम. पण ४७० ही आता थांबलेली शाखा आहे. २०२४ मधली ४७०.२५६.०२ ही तिची शेवटची आवृत्ती. त्यानंतर आलेल्या कर्नलमध्ये आतली फंक्शनं बदलली, काही काढून टाकली गेली. उबुंटू २४.०४ सुरू झालं ६.८ कर्नलवर. डेस्कटॉपला मात्र 'एचडब्ल्यूई' नावाची सरकती कर्नलमालिका मिळते: ६.८ नंतर ६.११, मग ६.१४. तुमचा अपडेट म्हणजे बहुधा ही उडी. डीकेएमएसने जुना सोर्स नव्या कर्नलवर बांधायचा प्रयत्न केला, कंपायलरने एरर दिला, डीकेएमएस नापास झालं, आणि त्याच्यावर अवलंबून असलेली कर्नलच्या पॅकेजची शेवटची पायरी अर्धवट राहिली.

डीपीकेजीच्या वहीत आता 'लिनक्स-इमेज अमुक: बसवलं, पण पूर्ण झालं नाही' अशी ओळ आहे. त्याचा शिरस्ता असा, की अर्धवट ओळ दिसली की आधी ती पुरी करायचा प्रयत्न करायचा. म्हणून तुम्ही व्हीएलसी मागता आणि तो पहिल्यांदा कर्नल पूर्ण करायला जातो, डीकेएमएस पुन्हा तेच बांधायला जातं, पुन्हा तिथेच आपटतं. एररमध्ये 'रिटर्न कोड ११' आणि थोडं वर डीकेएमएसचं नाव दिसत असेल तर हेच झालंय असं खुशाल समजा. काळी स्क्रीनही त्यातलीच: नव्या कर्नलसाठी एनव्हीडियाचं मॉड्यूल बांधलं गेलं नाही, आणि इन्स्टॉलरने जाताजाता नूव्हो या मोफत ड्रायव्हरला काळ्या यादीत टाकलेलं. दोघंही गैरहजर.

एक शक्यता मात्र तपासून घ्या. अपडेट चालू असताना लाइट गेली होती का? आपल्याकडे पावसाळ्यात हे नवीन नाही. तसं असेल तरी वही अर्धवटच राहते, पण तिथे दोष डीकेएमएसचा नसतो आणि एका कमांडमध्ये काम होतं. ती कमांड खाली येईलच.

आता दुरुस्ती. जुन्या कर्नलवरून बूट होतंय म्हणजे अर्धी लढाई जिंकलीच. बूट होताना येणाऱ्या ग्रबच्या मेनूत 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून तेच जुनं कर्नल निवडा. चालू झालं की कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून साध्या काळ्या टर्मिनलवर या, लॉगिन करा, आणि सिस्टिम-सीटीएलने यंत्र मल्टी-यूजर टार्गेटवर आणा, म्हणजे ग्राफिक्सचा भाग खाली बसतो. ड्रायव्हर वापरात असताना काढायला गेलात तर इन्स्टॉलर नन्नाचा पाढा लावतो.

पहिलं काम रन फाइलने आणलेला माल तिच्याच हातून बाहेर काढणं. सुडो लावून एनव्हीडिया-अनइन्स्टॉल चालवा. ती कमांड सापडली नाही तर तीच जुनी रन फाइल, त्याच आवृत्तीची, अनइन्स्टॉल हा पर्याय देऊन चालवा. म्हणून मी सांगत असतो की उतरवलेली रन फाइल कधी डिलीट करू नका. घरातल्या फ्रिजची पावती जपता तशी जपा. स्वतः काय कुठे ठेवलं याची यादी फक्त तिच्याकडे असते. ती विचारेल, जुनी एक्स कॉन्फिग परत आणू का. हो म्हणा. तरीही नंतर ईटीसीच्या एक्स-११ फोल्डरमध्ये झॉर्ग डॉट कॉन्फ उरली असेल तर तिचं नाव बदलून बाजूला ठेवा.

मग डीकेएमएस स्टेटस विचारा. तिथे एनव्हीडिया ४७० ची ओळ अजून दिसत असेल तर डीकेएमएस रिमूव्हने ती आवृत्ती 'ऑल' म्हणजे सगळ्या कर्नलांसाठी काढून टाका. ही ओळ गेली की अडसर गेला. कुतूहल असेल तर काढण्याआधी व्हार-लिब-डीकेएमएसच्या आत, एनव्हीडियाच्या बिल्ड फोल्डरमधली मेक डॉट लॉग उघडून बघा. नेमकं कोणत्या फंक्शनवर कंपायलर अडला ते तिथे शेवटच्या काही ओळींत लिहिलेलं असतं. मी प्रत्येक वेळी बघतो. एररचा मजकूर इंटरनेटवर शोधण्यापेक्षा त्या चार ओळी जास्त बोलतात.

आता वही पुरी करा: डीपीकेजी, पुढे दोन डॅश देऊन कॉन्फिगर, मग डॅश ए. लाइट जाऊन अर्धवट राहिलेल्यांनाही हीच कमांड. त्यानंतर एपीटी डॅश-एफ इन्स्टॉल. दोन्ही विनातक्रार झाल्या की डीपीकेजीला ऑडिट करायला सांगा. तो काहीच न बोलता पुढची ओळ दाखवतो तेव्हा वही जुळली.

एवढ्यावर थांबू नका. गोदामातला माल वहीशी जुळतो का तेही बघा. डीपीकेजी व्हेरिफाय चालवलं की ज्या फाइलींचा मजकूर मूळ पॅकेजशी जुळत नाही त्यांच्या ओळी येतात, प्रश्नचिन्हांच्या रांगेत ५ चा आकडा असलेल्या. ईटीसी फोल्डरमधल्या कॉन्फिग फाइली तिथे दिसणं साहजिक आहे, त्या आपणच बदललेल्या असतात. पण यूएसआर-लिबच्या आत लिब-जीएल, लिब-ईजीएल असं काही दिसलं तर ती ज्या पॅकेजची आहे ते पॅकेज एपीटीच्या रीइन्स्टॉल पर्यायाने पुन्हा बसवा. अंबडच्या त्या दिवशी ही कमांड मला आठवली असती तर मालकांचा अर्धा दिवस वाचला असता.

शेवटचं, नूव्होला काळ्या यादीतून काढा. ईटीसीच्या मॉडप्रोब डॉट डी फोल्डरमध्ये एनव्हीडिया-इन्स्टॉलर-डिसेबल-नूव्हो अशा लांबलचक नावाची फाइल असते. तिची एक प्रत यूएसआर-लिबखालच्या मॉडप्रोब डॉट डीमध्येही सापडते. दोन्ही काढून अपडेट-इनिटरामएफएस चालवा, मग रीबूट. ही पायरी लोक हमखास विसरतात आणि मग म्हणतात, सगळं काढलं तरी स्क्रीन काळीच.

एक काम मात्र कृपा करून करू नका. अडकलेलं डीपीकेजी 'मोकळं' करायला त्याच्या इन्फो फोल्डरमधल्या पोस्ट-इन्स्ट फाइली उडवा, असा सल्ला सर्रास फिरतो. त्याने एरर जातो हे खरं. वहीतलं पान फाडलं की त्या पानावरची उधारीही दिसत नाही, तसाच.

इथवरचा क्रम पुन्हा एकदा: रन फाइलचा माल बाहेर, डीकेएमएसची ओळ बाहेर, वही पुरी, माल वहीशी ताडून पाहिला, नूव्हो परत. या टप्प्यावर यंत्र नव्या कर्नलवरही नूव्होवर सुरळीत चालू व्हायला हवं. होत नसेल तर पुढे जाऊच नका, आधी विचारा.

आता ड्रायव्हर. आणि इथे माझा पहिला प्रश्न तुम्हाला जरा खटकेल: तो हवाच आहे का? तिसऱ्या पिढीच्या आय-थ्रीत इंटेलचं ग्राफिक्स प्रोसेसरमध्येच असतं. त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आहे, त्याला डीकेएमएस नाही, शाखा नाही, काही नाही. टॅली क्लाउडवर, यूट्यूब, ऑफिसची कामं, एखादं टूडी ड्रॉइंग एवढंच असेल तर कार्ड काढून मॉनिटरची वायर मदरबोर्डला लावा. बायोसमध्ये ऑनबोर्ड ग्राफिक्स बंद केलेलं असेल तर तेवढं चालू करावं लागेल. माझ्या ओळखीच्या निम्म्याअधिक यंत्रांत हे कार्ड गरजेपोटी नसून जुळणी करणाऱ्याने 'ग्राफिक्स कार्ड पण टाकून देतो' म्हणत घातलेलं आहे. दोन-तीन मॉनिटर लावायचे असतील, थ्रीडी मॉडेल फिरवायची असतील, किंवा सॉफ्टवेअरला कूडा (कार्डावर गणितं चालवायची एनव्हीडियाची सोय) लागतच असेल तर गोष्ट वेगळी. नूव्होवरही आठवडाभर काम करून बघा. केप्लर या चिप-पिढीच्या कार्डांवर नूव्हो बऱ्यापैकी चालतो, फक्त कार्डाचा वेग आपोआप वाढवत नाही, त्यामुळे जड थ्रीडीत दम लागतो.

हवाच असेल तर कार्डाची जात कळायला हवी. तुमच्याकडे ४७० महिनाभर चालला, त्यावरूनच कळतं की तुमचं कार्ड केप्लर आहे. पण हे वाचणाऱ्या इतर जीटी ७३० वाल्यांनी जपून. हे कार्ड २०१४ मध्ये आलं तेव्हा एकाच नावाखाली वेगवेगळा माल होता. काहींत जीके२०८ ही केप्लर चिप, ३८४ कोअर, ६४ बिटची मेमरी. एकात जीएफ१०८ ही आधीच्या पिढीची फर्मी चिप, ९६ कोअर, १२८ बिटची मेमरी. १२८ मोठा आकडा म्हणून दुकानात तेच चढ्या आवाजात विकलं जायचं. केप्लरला ४७०, फर्मीला ३९०. फर्मीवर ४७० टाकाल तर चालणार नाही. एका वर्कशॉपच्या दोन शेजारच्या टेबलांवर, एकाच दिवशी घेतलेली दोन जीटी ७३० होती. एकावर ड्रायव्हर बसला, दुसऱ्यावर काही केल्या बसेना. तासभर मी केबल आणि स्लॉट बदलत होतो. शेवटी एलएसपीसीआय ही आतल्या कार्डांची यादी देणारी कमांड चालवली तर एकात जीके, दुसऱ्यात जीएफ. आता खोक्यावर मी विश्वास ठेवत नाही. एलएसपीसीआय चालवा, व्हीजीएची ओळ बघा, त्यात जीएफ की जीके एवढं वाचा.

शाखांचा ढोबळ हिशेब असा: जीफोर्स ८, ९ आणि २०० मालिका ३४० वर थांबल्या, ४०० आणि ५०० मालिका ३९० वर, ६०० आणि ७०० मधली केप्लर ४७० वर. ३४० चा शेवटचा अंक २०१९ अखेरचा, ३९० चा २०२२ अखेरचा. आणि जीटीएक्स ७५० टीआय, १०५०, १०६० वाल्यांनी हसू नये. मॅक्सवेल आणि पास्कल कार्डांसाठी ५८० ही शेवटची शाखा असं एनव्हीडियाने जाहीर केलेलं आहे. आज आम्ही जात्यात, ते सुपात.

तुमच्यासाठी ४७० उबुंटूच्या स्वतःच्या भांडारात आहे. तोच घ्या. लोक म्हणतात, साइटवरचा तर 'ओरिजिनल' आणि भांडारातलाही आवृत्ती ४७०.२५६.०२ च, मग फरक काय? फरक मोठा आहे. भांडारातल्या पॅकेजमध्ये उबुंटूवाल्यांनी नव्या कर्नलवर तो बांधला जावा म्हणून स्वतःच्या दुरुस्त्या घातलेल्या असतात. रन फाइल ज्या दिवशी निघाली त्या दिवसापाशी गोठलेली असते. आणि पॅकेज वहीत लिहिलं जातं. उबुंटू-ड्रायव्हर्स डिव्हायसेस असं विचारलं की तुमच्या कार्डाला चालणारे ड्रायव्हर तो स्वतः सांगतो. त्यात एनव्हीडिया-ड्रायव्हर-४७० दिसेल.

पण बसवण्याआधी कर्नल ठरवा. थांबलेला ड्रायव्हर आणि पळणारं कर्नल यांची मोट बांधली की कधी ना कधी दोर तुटणारच. एचडब्ल्यूईच्या सरकत्या मालिकेऐवजी लिनक्स-जनरिक हे पॅकेज बसवा. २४.०४ मध्ये ते शेवटपर्यंत ६.८ वरच राहतं आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या त्यालाही मिळत राहतात. त्या ६.८ वरून बूट करून खात्री करा, मग लिनक्स-जनरिक-एचडब्ल्यूई-२४.०४ हे पॅकेज आणि त्याने आणलेली वरची कर्नलं काढा. बरेच जण याऐवजी एपीटी-मार्क होल्ड लावून कर्नल जागच्या जागी गोठवतात. मी ते टाळतो. होल्ड लावलं की सुरक्षेचे अपडेटही थांबतात, आणि लावणारा सहा महिन्यांत विसरतो. गोठवलेल्या कर्नलपेक्षा संथ कर्नल बरं.

ड्रायव्हर बसवताना एपीटीला आधी डॅश-एस देऊन नुसती रंगीत तालीम करायला सांगा. तो काय काय टाकणार आणि काय काढणार याची यादी येते. टाकायची यादी लांब असली तरी चालेल. काढायच्या यादीत उबुंटू-डेस्कटॉप, जीनोम-शेल, झॉर्ग असलं काही दिसलं तर तिथेच थांबा. एका क्लासचालकांनी ती यादी न वाचता वाय दाबला होता आणि मला फोन करून म्हणाले, "ड्रायव्हर बसला, पण विंडोज दिसत नाहीत." विंडोज म्हणजे त्यांना डेस्कटॉप म्हणायचं होतं. सगळा डेस्कटॉप एपीटीने त्यांच्याच परवानगीने उचलून नेला होता.

बायोसमध्ये सिक्युअर बूट चालू असेल तर बसवताना एक पासवर्ड मागितला जाईल आणि रीबूटनंतर निळी स्क्रीन येईल. घाबरून 'कंटिन्यू बूट' दाबू नका, 'एनरोल मॉक' निवडून तोच पासवर्ड द्या. ती संधी हुकली की मॉड्यूल बांधलेलं असूनही कर्नल त्याला आत घेत नाही. तुमच्या काळातल्या बऱ्याच मदरबोर्डांवर हा प्रश्नच नसतो. आणि लॉगिनच्या स्क्रीनवर कोपऱ्यातल्या चाकातून 'उबुंटू ऑन झॉर्ग' निवडा. ४७० ची वेलँडशी, म्हणजे झॉर्गच्या जागी आलेल्या नव्या स्क्रीन-व्यवस्थेशी, फार मैत्री नाही.

फर्मी कार्डवाल्यांचं काय? एपीटी-कॅश पॉलिसीने एनव्हीडिया-ड्रायव्हर-३९० विचारा. तुमच्या आवृत्तीत तो मिळत नसेल तर माझा सल्ला २२.०४ वर राहण्याचा, ५.१५ कर्नलवर, तिथल्या भांडारातल्या ३९० सह. २२.०४ चा नेहमीचा आधार २०२७ पर्यंत आहे आणि उबुंटू प्रो घरगुती वापराला पाच यंत्रांपर्यंत फुकट मिळतं, त्याने तो आणखी पाच वर्षं लांबतो. तोवर ते कार्ड राहील का हाच प्रश्न. ३४० वाल्यांनी नूव्होवर समाधान मानावं, किंवा कर्नलमध्येच ड्रायव्हर असलेलं एखादं जुनं रेडिऑन शोधावं. आरएक्स ५५० सारखं कार्ड स्लॉटमध्ये खोचलं की काही न टाकता चालू होतं. डीकेएमएसशी झटण्यात गेलेल्या रविवारांचा हिशेब केला तर ते स्वस्त पडतं.

बाहेरचा पीपीए, म्हणजे उबुंटूच्या मूळ भांडाराबाहेरचं पॅकेज-भांडार, घालून नवा ड्रायव्हर आणणं हा मधला रस्ता आहे. वहीत नोंद होते, हे त्याचं बरं. पण पीपीए काढताना नुसती त्याची ओळ खोडू नका, पीपीए-पर्ज वापरा, म्हणजे पॅकेजं उबुंटूच्या मूळ आवृत्तीवर परत येतात. थांबलेल्या शाखांसाठी मला त्याचा फारसा उपयोग झालेला नाही.

आणि एवढं सगळं सांगूनही रन फाइलच टाकायची वेळ आली, येते कधीकधी, तर माझी पद्धत अशी. आधी एपीटीकडून एनव्हीडियाचं एकूण एक पॅकेज पर्ज करतो, म्हणजे कॉन्फिगसकट काढतो. मग एपीटीच्या प्रेफरन्सेस फोल्डरमध्ये एक छोटी फाइल ठेवतो, ज्यात एनव्हीडिया आणि लिब-एनव्हीडिया या नावाने सुरू होणाऱ्या सगळ्या पॅकेजांचा प्राधान्यक्रमांक उणे १ करतो. याचा अर्थ एपीटीने ती कोणाच्याही सांगण्यावरून आणायचीच नाहीत. गोदामाचा तो रॅक दुसऱ्याला दिलाय, अशी वहीतच नोंद झाली म्हणा ना. टाइमशिफ्टने सिस्टिमची एक प्रत काढून ठेवतो. आणि इन्स्टॉलरने डीकेएमएसचं विचारलं की मी 'नको' म्हणतो.

या शेवटच्या गोष्टीवर माझे दोन मित्र माझ्याशी अजून वाद घालतात. त्यांचं म्हणणं, डीकेएमएस नसेल तर प्रत्येक कर्नल अपडेटनंतर ड्रायव्हर हाताने बसवावा लागतो. बरोबर आहे. पण थांबलेल्या शाखेत आज ना उद्या बांधणी फसणार हे ठरलेलं आहे, आणि फसताना ती कुठे फसावी एवढंच आपल्या हातात आहे. डीकेएमएस असेल तर ती एपीटीच्या मधोमध फसते आणि सगळी वही अडवते. नसेल तर फक्त स्क्रीन जाते, आणि ग्रबमधून मागचं कर्नल निवडून मालक संध्याकाळपर्यंत काम करू शकतात. मी रात्री जाऊन बघतो. ज्यांच्याकडे एकच यंत्र आहे आणि ते स्वतःच वापरतात त्यांनी डीकेएमएस ठेवलं तरी माझी हरकत नाही. एररमधलं डीकेएमएसचं नाव ओळखता आलं म्हणजे झालं.

तुमच्या बाबतीत यातलं बहुतेक लागणार नाही. दुरुस्ती, मग ६.८ चं संथ कर्नल, मग भांडारातला ४७०. निवांत दीड-दोन तास धरा, आणि मोठ्या फाइली उतरत असताना यूपीएस चालू असू द्या. वही पुरी झाली की ड्रायव्हरला हात लावण्याआधी ते व्हीएलसी टाकून बघा. बसलं तर पुढे चला. नाही बसलं तर डीकेएमएस स्टेटसची ओळ आणि डीपीकेजी ऑडिटचा मजकूर, फोटो काढून नव्हे, टाइप करून पाठवा, बघतो मी.